नाव घेईपर्यंत

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी प्रणिताने अंडं माझ्या पावलांवर ठेवलं आणि ती कॉलनीतल्या इतर बायकांबरोबर समुद्राकडे निघाली. अकोल्यापासून समुद्र तेव्हा खामगावच्या जरा पलीकडे होता.

अंडं लहान पपईएवढं होतं. एका टोकाला निमुळतं, रंगाने पांढरं, उजेडात किंचित हिरवट. त्याला बर्फ लागू द्यायचा नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी कॉलनीच्या मैदानात आम्ही नारळांवर सराव केला होता. बायकोने समोर येऊन उभं राहायचं, अंगठ्याला अंगठा लावायचा आणि आपल्या पावलांवरचा नारळ नवऱ्याच्या पावलांवर सरकवायचा. हात लावायचे नाहीत, हात गार असतात. नारळ वर आला की नवऱ्याने पोटाखालची घडी त्याच्यावर सोडायची. ही घडी दसऱ्याच्या सुमारास आम्हा सगळ्या पुरुषांना आली होती, पायजम्याच्या नाडीच्या जरा खाली. आतून ती गरम होती.

"बोटं वर ठेव," प्रणिता म्हणाली. "टाचांवर उभा राहा."

"किती दिवस?"

"मी येईपर्यंत."

निघण्याआधी प्रत्येकीने नाव घ्यायचं, असं ठरलं होतं. परत येताना सगळ्या सारख्याच दिसतील, तेव्हा नवऱ्याच्या कानात आवाज राहिलेला बरा, असं सोसायटीचे सचिव गावंडे काका म्हणाले होते. लग्नात जसं उंबऱ्यावर अडवतात तसं, परतल्यावरही नाव घेतल्याशिवाय मैदानात सोडायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. पहिलं नाव विजया सपकाळने घेतलं. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची आणि हळदीकुंकवाला तिच्याकडून उखाणे मागून घेतले जायचे.

"गोठल्या नळाला फडकं गुंडाळते, मधुकररावांचं नाव घेऊन समुद्राकडे वळते."

बायका हसल्या. मधुकर सपकाळ खाली पावलांकडे बघत राहिला. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, अंगाने जाड, बोलायला मोकळा.

प्रणिताची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझं राहू द्या." आमचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं होतं. तिथे कोणी दारात अडवलं नव्हतं, त्यामुळे तिने माझं नाव असं कधी घेतलंच नव्हतं. ती मला 'अरे' म्हणायची.

"घे गं, दोन ओळींचं तं आहे," सुलोचना काकू म्हणाल्या. त्या गावंडे काकांच्या पत्नी.

प्रणिता माझ्या कानाशी आली. "परत आल्यावर घेईन," ती म्हणाली. "आत्ता घेतलं तर जावंसं वाटणार नाही."

मग त्या वळल्या. एकामागे एक, बाळापूर नाक्याच्या दिशेने. मागे बघितलं की पाय घसरतो म्हणून कोणी मागे बघत नव्हतं.

सपकाळच्या पावलांवर अंडं नीट आलं होतं, मी शेजारीच होतो, मी ते पाहिलं. पण पायाला लागलं म्हटल्यावर तो वाकला. पुस्तकाला पाय लागला किंवा कोणा माणसाला लागला की आपण वाकतो, तसाच. उजव्या हाताची बोटं अंड्याला लावून त्याने ती छातीला लावली. तेवढ्यात अंडं कलंडलं. 'अरे' म्हणायला लागतो तेवढाच वेळ ते बर्फावर होतं. ट्यूबलाइट तडकावी तसा बारीक आवाज झाला.

विजया तेव्हा फाटकाबाहेर पडत होती. सपकाळने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मारुतीच्या पाराजवळ एक गोल दगड पडलेला असायचा. पूर्वी व्यायामशाळेतली पोरं तो उचलायची. सपकाळने तो पायाने ढकलत आणला, पावलांवर घेतला आणि त्याच्यावर घडी सोडली.

*

घरात जाऊन उभं राहता येत नव्हतं. घरं आतून भरली होती. खिडकीतून बघितलं की काचेला लागूनच बर्फ सुरू व्हायचा आणि त्यात सगळं जागच्या जागी दिसायचं. आमच्या स्वयंपाकघरात कुकर होता, त्याची शिट्टी वर उचललेली. छतापाशी पंखा. दोरीवर माझा शर्ट, एक बाही जरा पुढे आलेली. पहिल्या मजल्यावरचं ते घर मैदानातून दिसायचं, पण दर वेळी बघावं तर थोडं मागे गेलेलं असायचं.

त्यामुळे आम्ही मैदानात उभे राहिलो. वारा सुटला तसे जवळ जवळ सरकलो. सरकताना पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं, कारण पावलांवर अंडं आहे. शेवटी प्रत्येकाची छाती पुढच्याच्या पाठीला लागली आणि मैदानाच्या मध्यात माणसांचा एक गोल तयार झाला. आत उकडायचं. कडेला उभ्या असलेल्याच्या पाठीवर बर्फ साचायचा. म्हणून गोल थांबत नसे. वाऱ्याकडचे लोक कडेकडेने घसरत आडोशाला जायचे, आडोशाचे आत यायचे, आतले हळूहळू पुन्हा वाऱ्याला लागायचे. कोणी हुकूम देत नव्हतं. एक जण बोटभर सरकला की सगळे बोटभर सरकायचे.

हे सगळ्यांना मान्य होतं, गावंडे काका सोडून. ते मध्ये आले की तिथे रुतून बसायचे.

"काका, सरका ना आता," सपकाळ मागून म्हणायचा.

"सरकू राह्यलो ना बावा."

"कुठं सरकू राह्यले? मघापासून तुमचाच घाम माह्या नाकात जाऊ राह्यला."

"सचिव आहो मी. मधात नको का कोणी?"

"मधात राहाले आमसभा बोलवा मंग."

गोलात हसू यायचं तेव्हा ते पाठीतून कळायचं. पुढच्याची पाठ हलायची, मग आपली, मग मागच्याची. तोंडं दिसत नव्हती. सगळे पुढच्याच्या पाठीकडे बघत उभे असल्यामुळे मला फक्त माना दिसायच्या. गावंडे काकांची मान मला पाठ झाली होती. डाव्या बाजूला एक चामखीळ, खाली दोन आडव्या रेघा. त्या दिवसांत इतक्या माणसांना मी लागून होतो आणि एकालाही मी समोरून पाहिलं नाही.

मी एका सायंदैनिकाच्या डेस्कवर काम करतो. छपाईचं यंत्र गोठलं होतं, पण अंक बंद नव्हता. तो तोंडी निघायचा. मी पुढच्या मानेला बातमी सांगायचो, ती मान तिच्या पुढच्या मानेला, आणि गोलात फिरून ती माझ्या मागून माझ्याकडे परत यायची. परत आलेली बातमी निघालेल्या बातमीसारखी असली तर अंक नीट गेला, असं मी धरायचो. दोघांनी स्वतंत्रपणे तीच सांगितल्याशिवाय कोणतीही गोष्ट घ्यायची नाही, हा डेस्कवरचा नियम मी इथेही ठेवला होता.

"काऊन पत्रकार, आज काय आहे?" गावंडे काका विचारायचे.

"वारा वायव्येचा. जोर वाढला."

"ते तं पाठीले समजते. दुसरं काई छाप ना."

"दुसरं घडलेलं नाही."

"मंग घडव."

समुद्राची बातमी चवीवरून यायची. पश्चिमेच्या कडेला असलेल्याने वारा चाटायचा आणि खारटपणा सांगायचा. सुरुवातीला वारा वरणाइतका खारट होता. मग मीठ घालायला विसरलेल्या भाजीसारखा झाला. याचा अर्थ बर्फ पसरत होता आणि समुद्र मागे जात होता. मी ती बातमी दोघांकडून घेतली, तिसऱ्यालाही विचारलं, आणि दिली. त्या दिवशी अंक गोलात फिरून परत आला नाही. कोणाच्या तरी मानेपाशी तो थांबला.

सूर्य आधी दुपारचा थोडा वेळ दिसायचा. पुढे नुसता लाल पट्टा, पुढे तोही नाही. खायला काही नव्हतं. तहान लागली की पुढच्याच्या खांद्यावरचा बर्फ चाटायचा. पोट आत जात होतं आणि घडी सैल होत होती, त्यामुळे अंडं झाकायला जरा जास्त वाकून उभं राहावं लागायचं. हात अंगाला लागून होते ते तसेच राहिले. एकदा नाक खाजवायला गेलो तर उजवा हात सुटला नाही, डावाही नाही. आजूबाजूला विचारलं. सगळ्यांचं तसंच होतं. अंकात घेण्याइतकी ती बातमी नव्हती.

कोणाचं अंडं निसटलं तर तो माणूस गोलातून आपोआप बाहेर पडायचा, थोडा वेळ लांब उभा राहायचा आणि मग पश्चिमेकडे चालू लागायचा. सपकाळ मात्र गेला नाही. तो दगड घेऊन सगळ्यांसारखा सरकत होता, पाळी आली की वाऱ्याला पाठ देत होता, आत आला की वाकून दगडाला ऊब देत होता. एकदा तो माझ्या बरोबर मागे होता.

"पत्रकार."

"बोल."

"इजयानं पाह्यलं नाही ना रे?"

"नाही. ती फाटकापाशी होती."

"तुले पक्कं माहीत आहे?"

"मी पाहिलं."

"दुसऱ्या कोणाले इचारलं?"

मी गावंडे काकांना विचारलं होतं. त्यांनीही तेच सांगितलं होतं. मी सपकाळला तसं म्हणालो. त्याच्या श्वासाची वाफ बराच वेळ माझ्या मानेवर येत राहिली.

"म्हणजे इजया पोटभर मासे घेऊन येईन," तो म्हणाला.

*

पिल्लू आलं तेव्हा मी गोलाच्या मध्यावर होतो. आधी अंड्याच्या आतून टकटक आली, पावलांच्या हाडांतून वर गुडघ्यापर्यंत. मग कवचाचा एक तुकडा माझ्या करंगळीवर पडला. घडी उचलून बघितलं तर राखाडी लव, काळं डोकं, डोळ्यांभोवती पांढरं. त्याने मान वर केली आणि आवाज केला. मी उत्तर दिलं. काय दिलं ते मला माहीत नाही, घशातून आपोआप आलं, पण त्यानंतर तेच माझ्या तोंडून येत राहिलं आणि पिल्लू त्याच आवाजाला ओळखू लागलं. दुसरं कोणी बोललं की पिल्लू हलत नसे.

त्याला खायला हवं होतं. मी स्वतः प्रणिता गेल्यापासून काही खाल्लं नव्हतं. तरी मान खाली केली तेव्हा घशात काहीतरी दाटलं आणि दह्यासारखं पांढरं वर आलं, चमचाभर. पिल्लाने तोंडात तोंड घालून ते घेतलं. दुसऱ्या वेळी अर्धा चमचा आलं. ते माझ्यातूनच येत होतं हे मला कळत होतं, कारण प्रत्येक वेळी गुडघे जरा पुढे यायचे.

आजूबाजूलाही पिल्लं येत होती. गोलातून बारीक आवाज निघत होते. सपकाळ वाकून दगडाकडे बघायचा. मग सरळ व्हायचा.

बायका परतल्या तेव्हा आकाशाच्या कडेला पुन्हा लाल पट्टा दिसू लागला होता. बाळापूर नाक्याकडून एक काळी रेघ आली, ती जाड झाली, आणि मग ती माणसं आहेत हे कळलं. काही चालत होत्या, काही पोटावर घसरत होत्या. त्या गोल गरगरीत झाल्या होत्या. चेहऱ्यांवर खारट बर्फाचा थर होता, त्यातून फक्त डोळे दिसत. आवाज सगळ्यांचे एकसारखे झाले होते, घोगरे, मीठ लागलेले. गावंडे काकांचा आवाजाचा हिशेब चुकला, पण नावाचा बरोबर आला. मैदानाच्या कडेला एकेक थांबायची, नाव घ्यायची, आणि ज्याचं नाव तो पुढे सरकायचा.

"तोंडात मासा, पाठीवर वारा, बळवंतरावांचं नाव घेते, सरकले नसाल तर सरका जरा."

हे सुलोचना काकूंनी घेतलं. गोल हसला. गावंडे काका त्या दिवशी मधून सगळ्यांत आधी बाहेर आले. अंगठ्याला अंगठा लावून त्यांनी पिल्लू दिलं. काकू वाकल्या, पिल्लाने आवाज केला, आणि काकूंच्या तोंडातून मासा आला.

"हलकं झालं," काका म्हणाले. त्यांनी आपल्या रिकाम्या पावलांकडे थोडा वेळ बघितलं, मग जायला निघाले. जाता जाता माझ्यापाशी थांबले. मी त्यांना पहिल्यांदाच समोरून बघत होतो. तोंड खूप लहान झालं होतं.

"येईन रे तुही बायको," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिली का?"

"दुसऱ्याले इचारून घे," ते म्हणाले आणि समुद्राकडे गेले.

नावं संपत आली. जो तो आपलं पिल्लू देऊन निघून जात होता. गोल लहान झाला, मग त्याला गोल म्हणता येईना. शेवटी मैदानाच्या एका बाजूला बायका आपापली पिल्लं घेऊन उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी आणि सपकाळ. दोघांचा गोल होत नाही. एकाने वारा घ्यायचा आणि एकाने त्याच्यामागे उभं राहायचं, एवढंच.

मी सरकत सुलोचना काकूंपाशी गेलो.

"काकू, प्रणिता?"

"आमच्यासंग होती रे. इजया पण होती. आमचं पोट भरलं तवा त्या दोघी अजून पाण्यात होत्या. मंग समुद्र मागं गेला." त्यांनी मानेने पश्चिम दाखवली. "त्या त्याच्या मागं गेल्या."

"कुठपर्यंत?"

"मलकापूरच्या पलीकडं गेला म्हणतात. म्या नाही पाह्यलं."

"दुसऱ्या कोणी?"

"कोणीच नाही."

पिल्लाने घडीतून डोकं काढलं आणि आवाज केला. मी मान खाली केली. काही आलं नाही.

"काकू, एक घास द्या याला."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. वाकल्या, तोंड उघडलं, घसा हलला. पिल्लू त्यांच्या तोंडात बघत राहिलं.

"नाही येत रे बाबा," त्या म्हणाल्या. "घास माहा असता तं देला असता. माह्या पिल्लाच्या आवाजाबिगर तो वरच येत नाही."

त्यांचं पिल्लू ओरडलं. मासा लगेच वर आला. त्या पलीकडे वळल्या.

*

आता जे सांगायचं ते थोडं आहे.

मी जास्त वेळ उभा राहू शकणार नव्हतो. पुरुषाच्या अंगातली चरबी एका हद्दीखाली गेली की पाय आपोआप समुद्राकडे वळतात, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. माझे वळत होते. मी ते दोनदा परत मैदानाकडे आणले. मैदानाच्या भिंतीवर घारीपेक्षा मोठा एक करडा पक्षी येऊन बसला होता आणि घाई करत नव्हता.

सपकाळ अजून जाड होता. म्हणजे पूर्वीइतका नव्हता, पण माझ्याहून बराच. त्याने कोणाला काही भरवलं नव्हतं.

"दगडाले कुठं भूक लागते," तो म्हणाला. वारा त्याच्या पाठीवर होता, मी त्याच्या पुढ्यात होतो. "आण इकडं."

"नाही."

"मेलं तं कोणाचं आहे मंग?"

पिल्लू हलकं झालं होतं. पावलांवर आहे की नाही हे बघायला मला घडी उचलावी लागत होती, आणि घडी उचलली की वारा आत जायचा.

"माह्यात दूध आहे," सपकाळ म्हणाला. "मले कळते. इतके दिवस नुसतं घशात येऊन बसते. दगडाच्या तोंडाशी नेतो न् गिळतो परत."

"विजया आली तर काय सांगशील?"

"सांगीन हे आपलं आहे."

"आणि प्रणिता आली तर?"

"तं तुह्यं. जसंच्या तसं देईन."

"दोघी आल्या तर?"

पक्ष्याने भिंतीवर जागा बदलली.

"एक तं येऊ दे," तो म्हणाला.

आम्ही समोरासमोर आलो. अंगठ्याला अंगठा लावला. आधी त्याने दगड सोडला. तो घरंगळून माझ्या डाव्या पावलाशी आला आणि मी तो पायाने थांबवला. दगड गरम होता. मग मी घडी उचलली. पिल्लू वाऱ्यात क्षणभर दोघांच्या मध्ये होतं, निम्मं माझ्या बोटांवर, निम्मं त्याच्या. मग ते त्याच्या पावलांवर गेलं. सपकाळचा उजवा खांदा जोरात हलला. हात अंगापासून सुटला नाही. त्याने घडी खाली सोडली.

"लागलं," तो म्हणाला. "पायाले लागलं."

"असू दे."

तो वाकला. थोड्या वेळाने घडीच्या आतून गिळल्याचा आवाज आला.

माझे पाय गार पडू लागले म्हणून मी दगड त्यांच्यावर घेतला. रिकाम्या पावलांनी उभं राहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

सपकाळने दूध दिलं. दुसऱ्यांदाही दिलं. पिल्लाने डोकं बाहेर काढून आवाज केला तो मात्र माझ्याकडे बघून. मी उत्तर दिलं नाही. सपकाळने दिलं. पिल्लाने मान फिरवली नाही.

"शिकव ना त्याले," सपकाळ म्हणाला.

"काय शिकवू?"

"माहा आवाज."

"ते शिकवता येत नाही."

"मंग तू गप राह्य," तो म्हणाला. पुढे पुन्हा म्हणाला, "थोडे दिवस. उगाच नाही म्हणत."

मी गप्प राहिलो. पिल्लू ओरडत होतं आणि मी मैदानापलीकडे आमच्या घराकडे बघत होतो. ते आता बरंच मागे गेलं होतं. दोरीवरच्या शर्टाची बाही मला इथून दिसत नव्हती.

त्याचं दूधही संपत आलं. हे त्याने सांगितलं नाही. त्याचे गुडघे पुढे आलेले मी पाहिले.

*

ती दिसली तेव्हा आकाशाचा पट्टा लाल होता. बाळापूर नाक्याकडून एकच आकृती येत होती. मी आधी विश्वास ठेवला नाही. सपकाळला विचारलं. त्यानेही एकच सांगितली.

ती थोडं चालायची, मग पोटावर पडून घसरायची, मग उठायची. अंगाने भरलेली होती. पोट भरून येणारी बाई कशी चालते हे एव्हाना आम्हाला ओळखता येत होतं. पण कोणाची चाल कोणती, ते उरलं नव्हतं. प्रणिता पूर्वी खांद्यावरच्या पिशवीमुळे एका बाजूला झुकून चालायची. विजया पदर सावरत चालायची. पिशवी नव्हती, पदरही नव्हता. चेहऱ्यावर बर्फाचा जाड थर होता, सगळ्यांहून जाड. डोळ्यांपुरती भोकं.

"प्रणिता," मी हाक मारली. त्याच वेळी सपकाळने विजयाला हाक मारली. दोन्ही हाका एकत्र गेल्या. ती थांबली. कोणत्या हाकेला, ते कळलं नाही. मग पुन्हा चालू लागली.

प्रणिता असली तर सपकाळने पिल्लू जसंच्या तसं द्यायचं, असं ठरलं होतं. विजया असली तर पिल्लाला मासा मिळेल, ते जगेल आणि सपकाळांचं होईल, आणि मी दगड ठेवून समुद्राकडे जाईन. पिल्लू ज्या आवाजात मागेल त्या आवाजाला तिच्या घशातून घास वर यायला हवा, हाही प्रश्न होता. त्याबद्दल आम्ही दोघं काही बोललो नव्हतो.

मैदानाच्या कडेला सुलोचना काकू पुढे झाल्या आणि वाटेत उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे बाकीच्या बायका.

"नाव घ्या," काकू म्हणाल्या. "मंग आत."

ती उभी राहिली. तिच्या छातीवरचा बर्फ वर-खाली होत होता. उखाणा चटकन सुचला असता तर मी ती विजया समजलो असतो. सुचला नाही. पण ती खूप लांबून आली होती.

"घे वं माय," काकू हळू म्हणाल्या. "दोन ओळींचं तं आहे."

सपकाळ घासत पुढे सरकला. मी त्याच्या बरोबरीने सरकलो. दगड जड होता. आमची पावलं एका रेषेत आली. घडीतून पिल्लाने डोकं काढलं, आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि ओरडलं. मी ओठ मिटून घेतले.

तिच्या चेहऱ्यावरचा बर्फ तोंडापाशी तडकला.

"समुद्राला नाही दार, बर्फाला नाही उंबरा," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, सगळ्यांसारखाच.

मग श्वास घ्यायला थांबली.

बायका वाट बघत आहेत. सपकाळचा खांदा हलतो आहे. पक्षी भिंतीवरून खाली उतरला आहे आणि मैदानात चालतो आहे. पिल्लाची चोच उघडी आहे. तिने श्वास घेतला आहे, नाव अजून आलेलं नाही.